गाडीतल्या ‘अर्थ’चा जमिनीशी संबंध काय?

प्रश्न असा आहे: मेकॅनिक म्हणतो, ‘अर्थ मिळत नाहीये.’ पण गाडी तर रबरी टायरवर उभी असते. मग हा अर्थ, म्हणजे इंग्रजी ‘earth’, कुठला, आणि मराठीत लिहिताना त्याला ‘भूसंपर्क’ म्हणायचं का?

माझ्या मते म्हणू नये. पाठ्यपुस्तकातला ‘भूसंपर्क’ घरातल्या तिसऱ्या तारेसाठी अगदी योग्य आहे. ती तार खरोखर जमिनीत जाते आणि सगळं ठीक असताना तिच्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही. तुटली तरी दिवे पंखे चालूच राहतात. धोका वाढतो, एवढंच. गाडीत नेमकं उलटं आहे. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून, हॉर्नमधून जाऊन बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत येतो. हा परतीचा रस्ता म्हणजेच गाडीचा अर्थ. पत्रा आयताच असल्यामुळे दुसरी तार वाचते. इथे जोड सुटला की काम तिथेच थांबतं.

मग नाव आलं कुठून? तारायंत्रातून (टेलिग्राफमधून) असावं. म्युनिकचे भौतिकशास्त्रज्ञ श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये दाखवून दिलं की परतीच्या तारेऐवजी जमीन वापरता येते. तिथे ‘अर्थ’ म्हणजे शब्दशः माती होती. पुढे मातीची जागा पत्र्याने घेतली, नाव तेच राहिलं. जर्मन लोक मात्र हा घोळ घालत नाहीत: जमिनीला ‘एर्डं’, गाडीच्या बॉडीला ‘मासं’.

अर्थ म्हणजे मायनस, असंही सर्रास समजतात. आज ते बहुतेक खरं आहे, पण १९६० च्या दशकापर्यंत कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. त्यांचा अर्थ पॉझिटिव्ह!

‘अर्थ मिळत नाही’ हा प्रयोग मला फार नेमका वाटतो. तार जागेवर असते, पण बोल्टखाली गंज किंवा रंग असतो. स्टार्टर १५० अँपिअर ओढत असताना त्या जोडात ०.०२ ओहम रोध असला तरी ३ व्होल्ट तिथेच जातात. १२ व्होल्टच्या गाडीत ही मोठीच घट. इंडिकेटर लावल्यावर मागचे दुसरे दिवे मिणमिणू लागले, तर तेही बहुधा ह्याच दुखण्याचं लक्षण.

लिहिताना मी ‘बॉडी अर्थ’ लिहीन. गॅरेजमध्ये तेच म्हणतात, आणि ‘बॉडी’ म्हटल्यावर जमिनीचा घोळ होत नाही.