वाचकांचे प्रश्न : मज्जारज्जूची इजा आणि वाढणारा रक्तदाब

प्रश्न : माझ्या यजमानांच्या मज्जारज्जूला छातीच्या चौथ्या मणक्यापाशी (टी-४) इजा झालेली आहे. ते व्हीलचेअर वापरतात आणि लघवीसाठी त्यांना कायमचा कॅथेटर आहे. त्यांचा रक्तदाब एरवी १००/६०च्या आसपास असतो. गेल्या काही महिन्यांपासून मात्र अधूनमधून त्यांचे डोके असह्य ठणकते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो आणि त्या वेळी रक्तदाब १७०/१०० भरतो. तासाभराने तो आपोआप उतरतो. डॉक्टरांनी रक्तदाबाची रोजची गोळी सुरू केली. आता सकाळी खुर्चीत बसवताना त्यांना घेरी येते आणि ते झटकेही थांबलेले नाहीत. गोळी बदलून घ्यावी का?

उत्तर : गोळीचा विचार नंतर करू, आधी या झटक्यांचे कारण शोधायला हवे. तुम्ही सांगितलेली लक्षणे ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया या अवस्थेशी जुळतात. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांना तिचा धोका असतो. इजेच्या खालच्या भागात काही त्रासदायक घडले, उदाहरणार्थ मूत्राशय तुडुंब भरले, तर त्याची जाणीव रुग्णाला होत नाही. परंतु मज्जारज्जूचा खालचा भाग त्याला प्रतिसाद देतो आणि पोटातील व पायांतील रक्तवाहिन्या एकदम आकुंचन पावून रक्तदाब चढतो. मेंदूला हे कळते, पण रक्तवाहिन्या सैल करण्याचा त्याचा आदेश इजेच्या जागी अडतो. त्यामुळे चेहरा लाल व घामेजलेला, पाय मात्र फिकट व थंड, आणि रक्तदाब चढलेला असूनही नाडी बहुधा मंद, असे विचित्र चित्र दिसते. आपोआप उतरतो म्हणून हे झटके अंगावर काढू नका. त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि आकडीही येऊ शकते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तुमच्या यजमानांसाठी १३०/८० हा 'नॉर्मल' आकडा नाही. वरचा आकडा स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४०ने वाढला, तरी प्रौढ व्यक्तीत तो डिसरिफ्लेक्सियाचा इशारा मानला जातो. रुग्णालयातही सर्वांना या अवस्थेची सवय असतेच असे नाही. म्हणून इजेची पातळी, नेहमीचा रक्तदाब, अवस्थेचे नाव आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खुर्चीला कायम अडकवलेली असू द्या.

झटका येताच त्यांना ताठ बसवा आणि पाय खाली सोडा. आडवे मुळीच करू नका. पोटपट्टा, कमरेचा पट्टा, मोजे, लघवीच्या पिशवीचे बंद, सगळे सैल करा. दर २ ते ५ मिनिटांनी रक्तदाब मोजत राहा आणि त्याच वेळी कॅथेटर पाहा, कारण दोष बहुतेकदा तिथेच सापडतो: नळीला पीळ पडलेला असतो, पिशवी भरलेली असते किंवा नळी गाळाने तुंबलेली असते. तुंबलेला कॅथेटर बदलावा लागतो, आणि शक्य असेल तेव्हा जागा बधिर करणारी लिग्नोकेन जेली आधी आत सोडून काही मिनिटे थांबावे, कारण नळी घालण्याच्या क्रियेनेही रक्तदाब आणखी चढू शकतो. ओटीपोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नका. लघवी मोकळी असेल तर साठलेला मळ, दाबाने झालेली जखम, बोटात रुतलेले नख, घडी पडलेले कपडे हे पाहावे. मात्र वरचा आकडा १५०च्या वर असताना घरी गुदमार्गाची तपासणी करू नये. कारण सापडले नाही किंवा रक्तदाब उतरला नाही, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. तिथे लवकर काम करणारे व लवकर ओसरणारे औषध देतात. यजमान लैंगिक ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असतील, तर संकोच न करता सांगा, कारण झटक्यात रक्तदाब उतरवायला वापरले जाणारे नायट्रोग्लिसरीन तिच्याबरोबर दिल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. झटका उतरल्यावरही किमान दोन तास लक्ष ठेवा.

झटके वारंवार येत आहेत, म्हणजे कारण अजून तिथेच आहे. प्रत्येक वेळची तारीख, वेळ आणि त्याआधी काय चालले होते ते वहीत लिहा. कायमचा कॅथेटर असणाऱ्यांच्या मूत्राशयात खडे होतात. सोनोग्राफी आणि मूत्ररोगतज्ज्ञांची भेट मी लांबणीवर टाकणार नाही. मूळव्याध आणि गुदद्वारातील चीर यांचीही तपासणी करून घ्या. रोजची गोळी अशा झटक्यांचे मूळ दूर करत नाही आणि मुळात कमी असलेला रक्तदाब आणखी खाली नेते. घेरीचे कारण बहुधा हेच असावे. तरीही ती परस्पर बंद करू नका, कारण काही गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब उसळतो. ही वही आणि बसवल्यानंतरच्या तीन मिनिटांतील आकडे घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. मीठही आपल्या मनाने तोडू नका.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून माझी इजा टी-१२ची आहे. अनेक महिने रक्तदाब १५०/९५ राहतो. लघवी वाढवणारी गोळी दिल्यापासून दर सहा तासांनी कॅथेटर घालूनही मूत्राशय फार भरलेले असते. मी पाणी कमी करू का?

उत्तर : पाणी कमी करू नका; त्याने जंतुसंसर्ग आणि खड्यांचा धोका वाढेल. तुमची इजा बरीच खाली असल्याने डिसरिफ्लेक्सियाची शक्यता फारशी उरत नाही. हा इतरांना होतो तसाच उच्च रक्तदाब आहे आणि त्यावर नियमित उपचार हवेतच. तो इजेमुळेच असेल असे मानून सोडून देणे चूक ठरेल. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या. खांद्याच्या दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. घोरणे आणि दिवसा पेंग येणे हेही सांगण्याजोगे आहे.

लघवी वाढवणाऱ्या गोळीऐवजी रक्तदाबाचे दुसऱ्या गटातले औषध डॉक्टरांकडून मागून घ्या. अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ शकते, आणि हालचाल नसलेल्या पायांवरची सूज त्वचेला जाच करते. मूत्रपिंडे ठीक असतील तर टेल्मिसार्टनसारखे औषध अनेकदा सोयीचे पडते. त्यासोबत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासत राहावे लागते. तोवर कॅथेटरच्या वेळा जवळ आणा, म्हणजे एका वेळी ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी साठणार नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. हातांनी फिरवायच्या पेडलवर आठवड्यातून तीनदा अर्धा तास, खांदे सांभाळून, व्यायाम करा. रक्तदाब मोजण्याआधी मूत्राशय रिकामे करा आणि पाच मिनिटे शांत बसा. पायांत झटके येत असताना किंवा पलंगावरून खुर्चीत सरकल्यावर लगेच घेतलेला आकडा धरू नका. अशा रीतीने घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक राहिली, तर औषधाची मात्रा डॉक्टरांना पुन्हा ठरवावी लागेल.