मुलगा तीन वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय, अजून बोलत नाही. सुरुवात कुठून करावी?

ताई, 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणणाऱ्यांचं ऐकत थांबू नका. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी) लगेच सुरू करा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) असेल तर तिथे ती मोफत मिळते. खरं काम मात्र घरीच होतं. आमच्या लेकीसाठी फ्रिजवर पाणी, पोळी, शू, झोका यांचे फोटो चिकटवलेत. हवं ते बोटाने दाखवता यायला लागलं, तशी आदळआपट खूप कमी झाली. चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही, उलट मदतच होते. कुकरची शिट्टी होणार हे आधी सांगितलं की ती कान झाकून तयार असते. 'पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तेही काढून ठेवा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो, थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत त्यात येतो.