दक्षिण कॅलिफोर्नियात नवीन आहोत, घरात साडेचार किलोची शित्झू कुत्री आहे. कायोटी या कोल्ह्यासारख्या जंगली प्राण्यांपासून तिला कसं सांभाळावं?

तुमच्या प्रश्नातली दोन वाक्यं वाचली आणि लिहायला बसले. एक : ‘मागच्या अंगणाला पाच फुटी भिंत आहे, त्यामुळे तिथली काळजी नाही.’ दुसरं : ‘पुढच्या महिन्यात पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत, मग दिवसभर तिच्याकडे बघायला घरात माणसं असतील.’ पहिलं वाक्य चुकीचं आहे. दुसऱ्यात तुमचं उत्तर आहे, फक्त ‘घरात’च्या जागी ‘अंगणात’ असं वाचा.

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियातल्याच अर्वाइनमध्ये डोंगराच्या कडेला राहतो. आमचा मोती साडेपाच किलोचा, शेल्टरमधून आणलेला, चिवावा आणि आणखी कशाकशाची भेसळ. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात पहाटे पावणेसहाला नवऱ्याने त्याला शूसाठी मागे सोडलं आणि चहाचं आधण ठेवायला तो आत वळला. दार उघडंच होतं. मोतीची किंकाळी ऐकून तो हातातल्या पातेल्यासकट धावला, तर कायोटी मोतीला कमरेला धरून भिंतीकडे निघालेला. नवरा ओरडला, पातेलं फरशीवर आपटलं, त्या आवाजाने कायोटीने मोतीला टाकलं आणि भिंतीवरून पसार झाला. आधण गॅसवर चढलंही नव्हतं.

आमच्या भिंतीची उंची? पाच फूट.

कायोटी भिंत एका उडीत ओलांडतोच असं नाही. तो उडी मारून पुढचे पाय वर टाकतो आणि मागच्या पायांनी रेटा देत चढतो. सहा फुटांचं कुंपणही त्याला जमतं. म्हणून इथे लोक कुंपणाच्या माथ्यावर गोल फिरणारा नळीसारखा रोलर बसवतात. पाय ठेवला की नळी फिरते, पकड मिळत नाही, तो मागे पडतो. खालून उकरून येऊ नये म्हणून जाळी फूटभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवतात. तुमचं घर एचओएमध्ये, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेत, असेल तर रोलर लावण्याआधी परवानगी घ्या. आमच्या एचओएने रंगावरून चार महिने घोळ घातला. आणि कुत्र्याला सीमेबाहेर जाऊ न देणारं ते विजेच्या झटक्याचं अदृश्य कुंपण घेऊ नका. ते तुमच्या कुत्रीला आत ठेवतं, कायोटीला बाहेर नाही.

पण रोलर लावूनही आज मोती अंगणात एकटा जात नाही. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे. माणूस दहा फुटांच्या आत उभा हवा, दारात किंवा खिडकीत नाही. पहाटे आणि अंधार पडल्यावर तर अंगणातसुद्धा पट्टा लावून न्यायचं. कुत्र्यासाठी दाराला झडप बसवली असेल तर रात्री बंद करा.

आता प्राणी कोणता ते. आपल्याकडचे पाहुणे पहिल्यांदा बघतात तेव्हा ‘अरे, कोल्हा!’ म्हणतात. तसं जवळपास आहे. आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधलं काहीतरी समजा. इकडच्या पश्चिमेकडचे साधारण दहा ते पंधरा किलोचे असतात, हिवाळ्यातल्या केसांमुळे मोठे वाटतात. नाव मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘कोयोत्ल’वरून स्पॅनिशमार्गे आलंय. रात्री दोन-तीन जण गळे काढतात तेव्हा पंधरा-वीस असावेत असं वाटतं. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या रात्री झोपणार नाहीत.

तुम्ही विचारलंय की एक कायोटी कुत्र्याला खेळायला बोलावून टोळीकडे नेतो हे खरं का. ही गोष्ट इथे प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, पण ती दंतकथा आहे. मोकळा कुत्रा कायोटीच्या मागे लागतो, कायोटी आपल्या मुलखात, आपल्या कुटुंबाकडे पळतो, आणि तिथे बाकीचे असतात. सापळा नसतो, पण कुत्र्याचं व्हायचं ते होतंच. म्हणून पट्टा सहा फुटांचा, न लांबणारा घ्या. बटण दाबून वीस फूट सुटणाऱ्या दोरीच्या टोकाला साडेचार किलोची कुत्री असणं म्हणजे ती मोकळी असल्यासारखंच.

ऋतू लक्षात ठेवा. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडीचा काळ, साधारण दोन महिन्यांनी, एप्रिल-मेच्या सुमारास पिल्लं. त्या दिवसांत कुत्रा दिसला की तो त्यांना भक्ष्यापेक्षा परका दावेदार वाटतो, आणि मग लॅब्रॅडॉरच्याही अंगावर जातात. वाटेवर एखादा कायोटी थोडं अंतर ठेवून तुमच्या मागे मागे चालत आला तर बहुधा जवळ बीळ असतं आणि तो तुम्हाला हद्दीबाहेर पोचवत असतो. तिथे शौर्य नको. कुत्रीला उचला, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे या आणि उन्हाळाभर ती वाट सोडा. दिवसाढवळ्या दिसला म्हणजे पिसाळलेलाच, असंही नाही. पिल्लांची पोटं भरायला त्यांना दिवसाही फिरावं लागतं.

इतर वेळी मात्र माणसाची भीती त्याच्या मनात राहिली पाहिजे आणि ती आपणच घालायची. हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं, त्याच्या दिशेने दोन पावलं टाकायची, आणि तो पूर्ण निघून जाईपर्यंत थांबायचं नाही. थोडा लांब जाऊन वळून बघतो, तिथे आपण सोडलं तर तेवढं लांब गेलं की पुरतं, एवढंच तो शिकतो. पाठ फिरवून पळू नका. इथे आपली एक सवय आड येते. गावाकडे कुत्रं अंगावर आलं की आपण दगड उचलायला वाकतो, नुसतं वाकलं तरी ते पळतं. इथे वाकू नका, वाकलं की आपण लहान दिसतो. त्यापेक्षा हातात आवाज असू द्या. बाजारात छोटा एअर हॉर्न मिळतो. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी पत्र्याच्या डब्यात नाणी घालून खुळखुळा केला. त्यांच्या लहानपणी शेतात रानडुकरांच्या राखणीला डबे बडवायचे, त्यामुळे त्यांना शिकवावं लागलं नाही. तो डबा अजून मागच्या दाराशी आहे आणि हॉर्नपेक्षा तोच जास्त वापरला जातो.

सासूबाईंचीच दुसरी गोष्ट मात्र आम्हाला थांबवावी लागली, आणि तुमच्या आईंच्या बाबतीतही हे होणार म्हणून सांगते. रोज दुपारी भिंतीवर कावळ्यांसाठी भात-पोळी. कावळे थोडं खातात, उरलेल्यावर उंदीर येतात, उंदरांमागे कायोटी. शिकागो भागात सन 2000 पासून स्टॅनली गेर्ट आणि त्यांचे सहकारी शहरी कायोटींचा अभ्यास करतायत. तिथे तपासलेल्या चौदाशेहून जास्त विष्ठांमध्ये सर्वांत जास्त सापडले ते छोटे उंदीरवर्गीय प्राणी, 42 टक्क्यांमध्ये. फळं 23 टक्क्यांमध्ये. मांजरं जेमतेम एका टक्क्यात. लॉस एंजेलिस शहरातल्या अभ्यासात मात्र मांजराचे अंश सुमारे 20 टक्के विष्ठांमध्ये निघाले, म्हणजे शेजारी कुणी मांजरं बाहेर सोडत असेल तर तेही आमंत्रणच. फळांचं आम्हाला खोटं वाटलं होतं. मग एकदा सकाळी आमच्याच पेरूच्या झाडाखाली एकाला निवांत पेरू खाताना पाहिलं. आता पडलेले पेरू आणि अंजिरं रोज संध्याकाळी उचलतो. कुत्रीची खाण्याची वाटीही बाहेर ठेवू नका. आईंना वाईट वाटेल, पण नैवेद्याचं पान ठेवायचंच असेल तर ठेवा आणि तासाभरात उचला.

काटेरी जॅकेटचं विचारलंय. आपल्या धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो ना, लांडगा-बिबट्याने नरडं धरू नये म्हणून, तीच कल्पना. केव्हलरचं, म्हणजे सहज न फाटणाऱ्या चिवट धाग्याचं कापड, वर प्लास्टिकचे काटे. मान आणि पाठ थोडी वाचते, दोन-चार सेकंद मिळतात. मोती घालतो, पण जॅकेट आहे म्हणून आम्ही त्याला एकटं सोडत नाही.

तुमच्या शेजाऱ्याचा ‘पकडून लांब नेऊन सोडू’ हा बेत मात्र ऐकू नका. कॅलिफोर्नियात वन्यप्राणी पकडून परस्पर दुसरीकडे सोडता येत नाही. आणि एक काढला की मोकळ्या जागेत दुसरा येतो. या देशात दरवर्षी हजारो कायोटी सरकारी यंत्रणाच मारते, तरी ते वाढतच गेले आणि आज हवाई सोडून अमेरिकेत सगळीकडे पोचलेत.

शेवटी चाव्याबद्दल. मोतीच्या पाठीवर बाहेरून फक्त दोन ठिपके दिसत होते, रक्तही फारसं नव्हतं. आम्ही हळद लावून दवाखाना उघडायची वाट बघणार होतो. शेजारीण ओरडली म्हणून इमर्जन्सीत नेलं. केस काढल्यावर कळलं की आतले स्नायू फाटलेत, कातडी सुटलीय. दात आत जातात, मग प्राणी हिसडे देतो, त्यामुळे वरून भोक लहान आणि आत नासधूस. चौदा टाके, आत नळी, रेबीजचा बूस्टर. म्हणून चावा कितीही छोटा दिसला तरी त्याच तासाला व्हेटकडे. कुत्रीची लस चालू आहे ना ते आजच तपासा. आणि चोवीस तास उघड्या असणाऱ्या जवळच्या व्हेटचा नंबर आणि पत्ता मराठीत लिहून फ्रिजवर लावा. दिवसा तुम्ही दोघं ऑफिसात असाल, आई-बाबांकडे गाडी नसेल. कुठल्या शेजाऱ्याचं दार वाजवायचं, तेही त्याच कागदावर लिहा, आणि ते आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या शेजाऱ्याकडे त्यांना चहाला घेऊन जा.