बैठक नंतर, आधी यादी जुळवा

ताई, अंगणवाडी, उपकेंद्र, शाळा, ग्रामपंचायत, रोजगार सेवक असे सगळे गावात असूनही कुपोषित मुलांचा विषय निघाला की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, मग उपसरपंच म्हणून मी यांना एकत्र कसं आणू, असं तुम्ही विचारलंय. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा भागात बरीच वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे माणसांवर राग धरू नका. सेविकाताई पर्यवेक्षिकेला आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना उत्तर देतात. आशाताई गटप्रवर्तकांना आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना. ग्रामसेवक गटविकास अधिकाऱ्यांना, गुरुजी केंद्रप्रमुखांना, आणि रेशनचं सगळं तहसीलदारांकडे. गावात काम पाच जणांचं आणि साहेबही पाच. या सगळ्यांना हक्काने एका जागी बोलावू शकेल अशी गावात एकच जागा आहे, ती म्हणजे ग्रामपंचायत. त्यामुळे हे काम तुम्हीच हातात घेणं योग्य आहे.

पण सुरुवात बैठकीने नको. बैठकीत प्रत्येक जण आपला अहवाल वाचतो, सह्या होतात, चहा होतो आणि मूल जिथल्या तिथे राहतं. सुरुवात यादीने करा. सेविकाताईंचं आणि आशाताईंचं रजिस्टर शेजारी शेजारी उघडा आणि पाड्यावार, नावानिशी मुलं जुळवा. एका रजिस्टरात ‘सोनी’, दुसऱ्यात ‘सोनाली’. बाळंतपण माहेरी झालं म्हणून एकीकडे मामाचा पाडा लिहिलेला. वजनात दोन-तीनशे ग्रॅमचा फरक, कारण एक काटा झोळीचा, दुसरा टेबलावरचा, आणि एकीकडे मूल स्वेटरसकट मोजलेलं. त्याच मुलाला दोघींसमोर दोन्ही काट्यांवर ठेवा, दंडाला पट्टी लावा. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे पट्टीच्या लाल भागात आला, की मग वाद उरत नाही. दोघी मिळून त्या घरी जातात. मी पाहिलेलं सहकार्य बहुतेक वेळा इथूनच सुरू झालंय.

यात एक अडचण येते, ती आधीच दूर करा. सेविकाताईंना भीती असते की सॅमची, म्हणजे तीव्र कुपोषित, मुलं जास्त दाखवली तर वरून विचारणा होईल. म्हणून यादी जुळवण्याआधी पर्यवेक्षिका आणि तालुका आरोग्य अधिकारी दोघांना स्वतः भेटा आणि सांगा की या महिन्यात आमच्या गावाचा आकडा वाढेल, तो शोधल्यामुळे वाढलेला असेल. हे पाठबळ नसेल तर खरं मूल कागदावर येत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. न मोजलेल्या मुलाची किंमत काय असते हे आमच्या भागाला कुणी शिकवायला नको.

पुढे २००५ साली औरंगाबादहून राज्य सरकारचं, कुपोषण कमी करण्यासाठीचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, त्याचा भरही आरोग्य आणि महिला-बालविकास ही दोन खाती जोडण्यावर होता. राज्यात दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आलं. त्याला कारणं अनेक आहेत, पण दोन खाती एकाच मुलाकडे बघू लागली हे त्यातलं मोठं कारण, असं माझं ठाम मत आहे.

आता पोषण पुनर्वसन केंद्राचं बघा. तिथे तीव्र कुपोषित मुलाला उपचारासाठी आईसह साधारण १४ दिवस राहावं लागतं. आई तयार होत नाही, आणि आपण ‘पालक ऐकत नाहीत’ असा शेरा मारतो. अहो, लावणी चालू आहे, घरी आणखी दोन लेकरं आहेत, शेळ्या आहेत. ती कुणाच्या भरवशावर जाईल? आरोग्य खातं गाडी आणि बुडीत मजुरी बघेल. धाकट्याला दिवसभर अंगणवाडीत मदतनीस सांभाळतील, मोठ्याकडे गुरुजी लक्ष ठेवतील, शेळ्यांचं बचत गटातल्या बाया बघतील. हे सगळं एकाच दुपारी ठरलं तरच ती निघते.

रोजगार हमीची कामं बघणाऱ्या रोजगार सेवकाला पोषणाच्या कामातून वगळू नका. आमच्याकडे दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि मूल दोन्ही रजिस्टरांतून गायब होतं. ज्या घरात कुपोषित मूल आहे, त्या घराची कामाची मागणी दिवाळीआधीच लेखी भरून घ्या. गावात काम मिळालं तर निदान आई आणि मूल थांबतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला आणि बालकल्याणासाठी आहेच. नवा काटा, उंची मोजायची पट्टी, अंगणवाडीची गळती, हे त्यातून करा. ‘ग्रामपंचायत आमच्यासाठी खर्च करते’ हे दिसलं की बाकीची खातीही मनापासून येतात.

वेगळी बैठक लावायची गरजच नाही. दर महिन्याला अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवस असतोच, लसीकरण उरकलं की तिथेच अर्धा तास बसा आणि फक्त यादीतली नावं वाचा. आणि मूल लालमधून हिरव्यात आलं की ग्रामसभेत ते सेविकाताई आणि आशाताईंच्या तोंडून सांगू द्या, तुम्ही मागे राहा. नाव मिळालं की त्या पुढच्या वेळी बोलावण्याची वाट बघत नाहीत.

हे लावणीच्या आत करा. पाऊस लागला की दूरच्या पाड्यांचे रस्ते तुटतात आणि माणसं शेतावर असतात. दिवस ठरला की कळवा, काटे आधी कसे तपासून घ्यायचे ते लिहून देतो.