विधेयक उभं, कायदा बसलेला

एका शिक्षिकेने विचारलंय: शाळेच्या फलकावर ‘दिव्यांग विधेयक २०१६ नुसार ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण’ असं रंगवलंय, ते बरोबर, की ‘कायदा’ हवं? आणि ‘अधिनियम’ म्हणजे आणखी वेगळं काही का?

फलक चुकलाय. दर ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाच्या भाषणांत, हेच ऐकून कान किटलेत. विधेयकानुसार कुणालाच काही मिळत नसतं! शब्दच ते सांगतो. पेय प्यायचं असतं, देय द्यायचं असतं, तसं विधेय हे करायचं असतं. देणं फिटलं की ते देय राहत नाही. कायदा झाला की विधेयक संपलं. हे विधेयक ७ फेब्रुवारी २०१४ ला राज्यसभेत मांडलं गेलं. मे महिन्यात लोकसभा विसर्जित झाली, पण मांडलं होतं राज्यसभेत, म्हणून ते व्यपगत झालं नाही, म्हणजे आपोआप रद्द झालं नाही. राज्यसभेने १४ डिसेंबर २०१६ ला आणि लोकसभेने १६ ला ते संमत केलं, २७ ला राष्ट्रपतींची सही झाली. अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं गाडी ‘करायचं आहे’वरच.

खरी गंमत ‘कायदा’त आहे. मूळ अरबी ‘क़ाइदा’, म्हणजे पाया, बैठक. धातूचा अर्थ बसणे. इस्लामी कॅलेंडरातला ‘जिल्काद’ याच धातूचा: लढाया थांबवून बसायचा महिना. उर्दू शिकणाऱ्या मुलाच्या हाती पहिलं पुस्तक येतं, तेही ‘क़ायदा’च. आणि ज्याला चालता येत नाही त्याला अरबीत म्हणतात ‘मुक़्अद’, बसवला गेलेला. तोही याच घरातला! पाया, बालपुस्तक आणि अपंग माणूस, तिघे एका धातूचे; दिव्यांगांच्या शिक्षणाच्या कायद्याला याहून नेमका शब्द कुठून आणणार?

माझं तर मत आहे की ‘हे कायद्यात बसत नाही’ असं आपण म्हणतो, त्यात तोच अरबी धातू कुठेतरी घुमतोय. भाषाशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी मला यावरून झापलं: ‘चौकटीत बसत नाही’ असंही म्हणतोच की, चौकट काय अरबी आहे? नसेल. मी मत बदललेलं नाही.

भाषाशुद्धीवाल्यांनी मात्र हा शब्द हाकलून ‘निर्बंध’ आणायचा घाट घातला होता. मुलाला शाळेचा दरवाजा उघडून देणाऱ्या गोष्टीला निर्बंध म्हणायचं? लॉकडाऊननंतर तर तो शब्द ऐकला की हात मास्ककडे जातो.

हां, अधिनियम. संसदेने केलेल्या कायद्याचं ते कागदोपत्री नाव, म्हणून ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’. बोलताना कायदाच म्हणा. आणि रंगारी बोलावणारच असाल तर आणखी एक ओळ घालून घ्या: मोफत शिक्षणाचा हा हक्क कलम ३१ मधला आहे, आणि तो किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आहे.