साप कोरलाय म्हणून खाली धन नसतं

मृग लागून शेतात नांगर फिरले की माझ्या फोनवर दगड यायला लागतात. बांधावरचा, विहिरीच्या काठचा, देवळामागं उपडा पडलेला. फोटो एकच, तोही कडा कापलेला, आणि खाली एक ओळ: 'सर, हा कुठला देव?' अहो, मूर्ती ओळखायची ती हातांतल्या वस्तूंवरून, वाहनावरून, शेजारच्या आकृत्यांवरून आणि जिथं सापडली त्या जागेवरून. नुसत्या तोंडावरून सांगायला ते काय ओळखपत्र आहे? यंदाही तेच घोळ आलेत, म्हणून काही पत्रांना इथंच उत्तरं देतो.

शेतात तीन चौकटींचा उभा दगड आहे. खाली घोडे-तलवारी, मध्ये बायका एका माणसाला उचलून नेताहेत, वर पिंड. जुनी माणसं म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत कोरला. (खानापूर तालुका)

पांडवांना आता विश्रांती द्या. हा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, कन्नडमध्ये वीरगल्लु. वाचायचा खालून वर. खाली लढाई, तिथं गुरं कोरलेली असतील तर माणूस बहुधा गावची गुरं सोडवताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वरच्या चौकटीत तो लिंगासमोर हात जोडून बसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते असेतोवर त्याचं नाव राहावं. लिंगाच्या जागी बसलेला तीर्थंकर, म्हणजे जैनांचा पूजनीय जिन, दिसला तर घराणं जैन असावं. चौकटींमधल्या पट्ट्यांवर अक्षरं आहेत का, ते कोवळ्या तिरप्या उन्हात बघा. असली तर फोटो काढून हळेगन्नड, म्हणजे जुनी कन्नड, वाचणाऱ्याला दाखवा. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका.

देवळाच्या दारावर सुळेवाला, खालचा जबडाच नसलेला राक्षस आहे. घरात आजारपण त्यामुळे येतं का?

ते कीर्तिमुख, वाईट दूर ठेवायला दारावर कोरतात ते तोंड. आजारपणासाठी डॉक्टरकडे जा.

आमच्या गल्लीत सात फण्यांचा नागोबा पुजतात. आता कुणी म्हणतं, तो जैनांचा आहे. वाद वाढतोय. (बेळगाव)

फण्यांखाली माणूस आहे का? तो नग्न, सरळ उभा आणि हात दोन्ही बाजूंना गुडघ्यांकडे सोडलेले असतील, तर तो तीर्थंकर पार्श्वनाथ असण्याची शक्यता मोठी. फणे पाच असतील तर सुपार्श्वनाथाचाही विचार करावा लागतो. नागशिळा वेगळी: तिच्यावर नुसता नाग असतो, नाहीतर एकमेकांना वेढे घातलेली नागांची जोडी. कधी अर्धी बाई, अर्धा साप. तुमच्या भागात तीर्थंकर सापडण्यात नवल काही नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातली, आणि आत नेमिनाथ. पण एका फोटोवर मी निवाडा देणार नाही. जाणकाराला जागेवर आणून दाखवा. तोवर मूर्ती हलवू नका, आणि गल्लीतल्या भांडणात माझं नाव घालू नका.

गाढव आणि बाईचं अश्लील चित्र असलेला दगड सापडलाय. मंडळी म्हणतात, पुरून टाकू.

पुरू नका. हा गधेगळ असावा. दिलेली जमीन कुणी हिसकावून घेऊ नये म्हणून कोरलेली ती शिवी आहे. गधेगळ कोकणाकडं अधिक. आपल्याकडच्या दानलेखांवर बहुधा गाय-वासरू, लिंग, तलवार दिसते. म्हणून तुमचा दगड मुद्दाम बघण्यासारखा. वर लेख असेल तर पुरताना तुमच्याच गावचा जुना दस्तऐवज पुराल.

पिंपळाखाली जुन्या नागशिळा आहेत. एक गृहस्थ मशीन घेऊन आलेत. म्हणतात, नाग म्हणजे राखणदार, खाली हंडा आहे. पूजेचे आगाऊ पैसे मागतात. द्यावेत का?

नाही. हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतो आणि दर पावसाळ्यात माझं डोकं तापतं. नागशिळा लोकांनी मूल व्हावं म्हणून, नागाचा दोष जावा म्हणून नवस बोलून बसवल्या. मूल मागणारी बाई दगडाखाली सोनं कशाला पुरेल? मशीन वाजतं ते खिळ्यालाही आणि बैलगाडीच्या जुन्या धावेच्या तुकड्यालाही. आदल्या रात्री तांब्या पुरायचा, सकाळी सगळ्यांसमोर काढायचा आणि 'मोठा हंडा अजून खोल आहे' म्हणून दुप्पट पैसे मागायचे, हा खेळ जुनाच आहे. एका गावात मी नंदी पाहिला, पोट फोडलेला. आत हिरे असतात म्हणे! आत दगड होता. नंदी दगडाचाच असतो.

पैसे तर जातातच, पण मला जाळतं ते दुसरं. जमिनीतली वस्तू बोलते ती तिच्या थरामुळं. बेळगावजवळच्या वडगाव-माधवपूरला कर्नाटक विद्यापीठानं उत्खनन केलं आणि तिथं सातवाहन काळातलं गाव उजेडात आलं. खापरं, विटा, नाणी कुठल्या थरात पडली होती यावरून. तीच खापरं फावड्यानं उपसली असती तर उरला असता कचरा.

कायदाही ऐका. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. जमिनीत धन सापडलं तर ते सरकारला कळवावं लागतं, वाटून घ्यायचं नसतं. म्हणून त्या गृहस्थाला आधी खड्ड्यापासून लांब करा आणि पोलीस ठाण्यात सांगा. मग तहसीलदारांना लेखी द्या, राज्य पुरातत्त्व खात्याला किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाडच्या कार्यालयाला प्रत पाठवा. पोच घ्या. 'पावसाळा संपल्यावर बघू' म्हणणाऱ्यांचे दगड पावसाळ्यातच जातात.

देवळाच्या खांबावर दोन डोक्यांचा पक्षी आहे. म्हणजे गाव मूळचं कानडी का?

तो गंडभेरुंड. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या बळ्ळिगावीला १०४७ सालच्या स्तंभावरही आहे आणि आज कर्नाटकाच्या राजचिन्हात आहे. पण खांबावरच्या पक्ष्याला मातृभाषा विचारू नका. सीमावादात मी पक्ष्यांना ओढत नाही.

आठ दिवसांवर जत्रा आहे. देवस्थान कमिटीनं जुन्या मूर्तींना ऑइल पेंट द्यायचं ठरवलंय. आधी ॲसिडनं धुवायचं का?

ॲसिड नको आणि पेंटही नको. दगडातला ओलावा पेंटखाली कोंडतो, मग पोपडा सुटताना मूर्तीचं नाक-डोळेही घेऊन जातो. मऊ झाडूनं धूळ झाडा, हार घाला, बस. आधीच शेंदूर चढलेला असेल तर खरवडू नका, ते काम संवर्धकाचं. दुकानदार पेंटचे डबे परत घेत असेल तर आजच नेऊन द्या.