आजोबांचा जुना लाकडी रंधा माळ्यावर सापडलाय, काळाकुट्ट झालाय. घासून नवा करू का?

नवा करू नका, फक्त स्वच्छ करा. काळेपणातला बराचसा भाग हाताच्या घामाचा नि तेलाचा असतो, आणि मुठीला तोच गुळगुळीतपणा देतो. आधी मागच्या टोकावर लाकडी हातोड्याने हलके ठोके द्या, म्हणजे पाचर सैल होऊन पातं निघेल. लाकूड पाण्यात बुडवायचं नाही! टर्पेंटाइन आणि जवसाचं ‘बॉइल्ड’ तेल (विकत तयार मिळतं, घरी उकळायचं नाही) निम्मं-निम्मं घेऊन बारीक स्टील वूलने रेषांच्या दिशेने चोळा आणि लगेच पुसा. पॉलिश पेपर फक्त कुसं निघालेल्या जागी, तळाला तर नकोच. तो सपाट राहिला नाही तर रंधा वाया गेला.

गंजलेलं पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडं करा, तेल लावा.

शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. मुंबईच्या पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा. स्टील वूल वगैरे नागदेवी स्ट्रीटला मिळेल. तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात कोंबू नका, आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.